आकाशचिन्ह : एका सरकारी शब्दाचा प्रवास



पुणे महानगरपालिकेत एक खातं आहे. त्याचं नाव 'आकाशचिन्ह व परवाना विभाग'. ही पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खरंच वाटलं, की इथे पंचांग बघत असावेत. धूमकेतू, ग्रहण, इंद्रधनुष्य यांची नोंद ठेवणारा कुणीतरी कारकून आत बसला असेल. (हशा) प्रत्यक्षात तिथे होर्डिंगचे परवाने मिळतात.

आता होर्डिंगला 'आकाशचिन्ह' म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं? आपण कुणी हा शब्द बोलताना वापरत नाही. आपल्याकडे पाटी असते, बोर्ड असतो, बॅनर, फ्लेक्स, होर्डिंग, कमान, कापडी फलक. दादांच्या वाढदिवसाचा जो असतो, तो 'शुभेच्छा फलक'. मग हे आकाश कुठून आलं?

तर आजचं व्याख्यान या एका शब्दाच्या प्रवासावर आहे. वरवर विषय किरकोळ वाटेल. पण १३ मे २०२४ च्या संध्याकाळी घाटकोपरला वादळी वाऱ्यात एक होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. त्यानंतर जो वाद झाला त्यात लोखंड किती जाड होतं, पाया किती खोल होता हे प्रश्न होतेच. पण सर्वांत मोठा वाद होता तो हा, की त्या फलकाला परवानगी कुणी द्यायची. म्हणजे शेवटी प्रश्न व्याख्येचा होता. म्हणून मला वाटतं, की या व्याख्या कुणी केल्या, कशासाठी केल्या आणि त्यांचं पुढे काय झालं, हे नागरिक म्हणून आपल्याला माहीत असायला हवं.

लंडनची छपरं

सुरुवात लंडनपासून करू. १८८० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये जाहिरातीची एक नवी तऱ्हा आली. भिंती तर पोस्टरांनी भरलेल्याच होत्या. मग व्यापाऱ्यांनी छपराकडे मोर्चा वळवला. इमारतीच्या माथ्यावर लोखंडी किंवा लाकडी सांगाडा उभा करायचा, त्यावर मोठमोठी सुटी अक्षरं बसवायची. मागे काही नाही, फक्त आकाश. लांबून बघितलं की अक्षरं हवेत लटकल्यासारखी दिसायची. त्यालाच लोक 'स्काय-साइन' म्हणायला लागले.

याविरुद्ध दोन प्रकारच्या तक्रारी होत्या. एक, शहर विद्रूप होतं. दुसरी, हे सांगाडे वाऱ्यात खाली येतील. लंडन काउंटी कौन्सिल १८८९ साली नुकतंच स्थापन झालं होतं. १८९१ मध्ये पार्लमेंटने 'लंडन स्काय साइन्स अॅक्ट' मंजूर केला. नव्या स्काय-साइनवर बंदी आली आणि ज्या आधीच उभ्या होत्या त्यांना मुदतीचा परवाना.

पण बंदी घालायची तर आधी वस्तू कोणती ते सांगावं लागतं ना? इथे मसुदा लिहिणाऱ्याचं कौतुक करायला हवं. त्याने उंचीचा आकडा दिला नाही, मजकुराबद्दलही काही म्हटलं नाही. त्याने कसोटी ठेवली ती अशी : जाहिरात, घोषणा किंवा दिशा दाखवणारं कोणतंही अक्षर, आकृती किंवा चिन्ह, जे इमारतीवर खांब-सांगाड्याच्या आधाराने उभं आहे, आणि जे रस्त्यावरच्या कुठल्यातरी एका ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतं.

बघा, किती साधी कसोटी आहे. इंजिनिअर नको, टेप नको. रस्त्यावर उभं राहायचं आणि मान वर करायची. मागे भिंत दिसली तर ती स्काय-साइन नाही, आकाश दिसलं तर आहे. आणि मसुदाकाराने आणखी एक शहाणपणा केला : ज्या खांबावर, ज्या चौकटीवर ती अक्षरं उभी आहेत, तो सगळा सांगाडासुद्धा 'स्काय-साइन' या शब्दात धरला. कारण नुसतं अक्षर पडत नाही, पडतो तो सांगाडा.

अपवादांची यादी

आता कुठलाही कायदा समजून घ्यायचा असेल तर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, की व्याख्या एकदा वाचा आणि अपवाद तीनदा वाचा. खरी भांडणं अपवादात असतात.

स्काय-साइनच्या व्याख्येतून काय काय वगळलं? पहिलं, ध्वजस्तंभ आणि वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा तो कोंबडा. अट अशी, की त्याचा जाहिरातीसाठी वापर करायचा नाही. दुसरं, भिंतीच्या किंवा कठड्याच्या माथ्यावर घट्ट बसवलेला फलक. पण तो सलग, अखंड पृष्ठभागाचा हवा, जाळीदार नको, आणि भिंतीच्या वर तीन फुटांहून जास्त जायला नको. हे तीन फूट महत्त्वाचे आहेत. तेवढ्यापर्यंत फलक इमारतीचा भाग वाटतो, त्याच्यावर गेला की तो स्वतःच एक बांधकाम होतो. तिसरं, 'ही जागा विकणे आहे', 'भाड्याने देणे आहे' अशी त्याच जागेवरची सूचना.

आणि चौथा अपवाद रेल्वेचा. तो नीट लक्षात ठेवा, आपण शेवटी त्याच्याकडेच परत येणार आहोत. त्या काळात लंडनमध्ये रेल्वे कंपन्या होत्या आणि त्यांना स्टेशनांवर मोठ्या पाट्या लावाव्या लागत. त्यांच्यासाठी सूट दिली, पण तीन अटींवर. फलक केवळ रेल्वेच्या स्वतःच्या धंद्याबद्दलचा हवा. तो पूर्णपणे रेल्वेच्या हद्दीत, म्हणजे रूळ, स्टेशन, यार्ड, फलाट इथेच हवा. आणि तिसरी अट : तो अशा रीतीने उभा हवा, की तो कुठल्याही रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेवर पडू शकणार नाही.

'पडू शकणार नाही.' हे शब्द कायद्यात लिहिलेले आहेत. म्हणजे सूट मिळते ती रेल्वेची मालकी आहे एवढ्यावरून नाही. पडला तरी लोकांच्या अंगावर पडणार नाही, म्हणून मिळते.

मुंबईत

हीच व्याख्या आपल्याकडे आली. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८, त्याचं कलम ३२८. इंग्रजी मजकूर लंडनच्या कायद्याशेजारी ठेवून वाचलात तर ओळीमागून ओळ जुळते. तीच आकाशाची कसोटी, तोच वातकुक्कुट. मुंबईत किती वातकुक्कुट होते मला माहीत नाही (हशा), पण कायद्यात तो आला. तेच तीन फूट, तेच रेल्वेचं कलम. शिवाय जाहिरातीसाठी सोडलेले फुगे आणि पॅराशूटसुद्धा स्काय-साइनच मानायचे, असंही लिहिलेलं आहे.

पुढे मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी १९४९ चा कायदा झाला. त्यात कलम २४४ स्काय-साइनचं आणि २४५ इतर जाहिरातींचं. मराठी करताना कुणीतरी 'स्काय' म्हणजे आकाश आणि 'साइन' म्हणजे चिन्ह असा सरळ हिशेब केला. तिथून आपल्या खात्याच्या दारावर तो शब्द आला.

मुंबईच्या कलम ३२८ मध्ये एक गोष्ट मात्र लंडनपेक्षा वेगळी आहे. इथे सरसकट बंदी नाही, आयुक्तांची लेखी परवानगी हवी. ती जास्तीत जास्त दोन वर्षांची. आणि ती आपोआप रद्द कधी होते त्याची यादी आहे : फलकात भर घातली, बदल केला, किंवा त्याचा कुठलाही भाग अपघाताने, कुजल्याने, गंजल्याने वा कशानेही पडला, तर परवानगी संपली. एक तुकडा जरी पडला तरी संपली. म्हणजे हा मूळचा पडझडीचाच कायदा आहे. सौंदर्य त्यात आहे, पण मागच्या बाकावर.

मिठाईवाल्याची पाटी

नंतर जाहिराती जमिनीवर, भिंतीवर, खांबावर सगळीकडे आल्या. त्यांच्यासाठी कलम '३२८ अ' आलं. त्याचं वर्गीकरण अगदी वेगळ्या तत्त्वावर आहे. ते उदाहरणाने सांगतो.

समजा, एक मिठाईचं दुकान आहे. मालकाने दारावर स्वतःच्या दुकानाच्या नावाची साधी, रंगवलेली पाटी लावली. परवानगी लागत नाही, कारण जाहिरात त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची आहे. त्याने काचेच्या आत 'आजचे ताजे पेढे' असा कागद चिकटवला. परवानगी नाही, कारण तो खिडकीच्या आत आहे. आता त्याने तीच पाटी काढून तिच्या आत दिवे बसवले. झाली 'प्रकाशित जाहिरात'. लगेच परवानगी लागते आणि शुल्कही. मजकूर तोच, जागा तीच, मालक तोच, फक्त बटण दाबलं. तीच पाटी त्याने छपरावर सांगाड्यावर चढवली, की ती स्काय-साइन. आणि समोरच्या भिंतीवर आपल्या पेढ्यांची जाहिरात रंगवली, तर ती दुसऱ्याच्या जागेवरची जाहिरात. तिला परवानगी हवीच.

एका पाटीचे पाच जन्म. दुकानदार वैतागतो यात नवल नाही. त्याला वाटतं, मी माझं नाव लिहिलं, त्यात पालिकेचा काय संबंध? त्याचा वैताग समजू शकतो. पण कायद्याची बाजूही समजून घ्या. जो धंदा आत चालतो त्याची पाटी बाहेर असणं ही गरज आहे. जो धंदा आत चालतच नाही त्याची पाटी म्हणजे जागा भाड्याने दिली. पहिली सोय आहे, दुसरी व्यवसाय आहे. हा फरक साऱ्या जगात केला जातो.

अमेरिकेतला वळसा

याबाबत अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे, कारण शहराचे विभाग पाडून, म्हणजे 'झोनिंग' करून नियम लावणं हे तिथे फार तपशिलात गेलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या न्यायालयांची भूमिका अशी होती, की नगरपालिकेला सुरक्षेसाठी, आरोग्यासाठी, नीतीसाठी नियम करता येतील, पण केवळ 'दिसायला वाईट' म्हणून कुणाच्या जमिनीवरचा फलक काढता येणार नाही. मग नगरपालिकांनी काय केलं? सेंट लुईस शहराने नियम केला, की फलक जमिनीपासून १४ फुटांपेक्षा उंच नको, क्षेत्रफळ ५०० चौरस फुटांपेक्षा जास्त नको, आणि खालची कड व जमीन यांच्यात ४ फूट मोकळी जागा हवी. ही मोकळी जागा कशाला? तर फलकाच्या मागे कचरा साठतो, चोर लपतात, अनीतीचे प्रकार चालतात म्हणून! १९११ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं मान्य केलं. मनात होतं सौंदर्य, कागदावर लिहिलं चोर. (हशा) शिकागोने निवासी भागात मोठा फलक लावायला त्या रस्त्यालगतच्या बहुसंख्य मालमत्ताधारकांची लेखी संमती हवी असा नियम केला आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच सुमारास, १९१६ साली, न्यूयॉर्कने अख्ख्या शहराला विभागवार नियम लावले.

पुढे १९६५ मध्ये महामार्ग सुशोभनाचा कायदा आला. महामार्गापासून ६६० फुटांच्या पट्ट्यात बाहेरच्या धंद्यांच्या जाहिरातींवर नियंत्रण. पण 'व्यापारी' किंवा 'औद्योगिक' विभाग असेल तर सूट, आणि जागेवरच्या धंद्याच्या पाटीलाही सूट. तोच आपला मिठाईवाल्याचा फरक.

पण वर्गीकरण करता करता माणूस कुठे पोचतो ते बघा. अॅरिझोनातलं गिल्बर्ट नावाचं गाव. त्यांच्या नियमात परवानगीतून वगळलेल्या पाट्यांचे २३ प्रकार होते. वैचारिक मजकुराची पाटी २० चौरस फुटांपर्यंत चालेल. राजकीय पाटी निवासी जागेवर १६ चौरस फुटांपर्यंत. आणि एखाद्या कार्यक्रमाचा रस्ता दाखवणारी पाटी फक्त ६ चौरस फूट, कार्यक्रमाआधी १२ तास लावायची आणि संपल्यावर एका तासात काढायची. एका छोट्या चर्चला स्वतःची इमारत नव्हती. दर रविवारी प्रार्थना कुठे आहे हे सांगायला ते पंधरा-वीस पाट्या लावायचे. वेळ चुकली म्हणून गावाने त्यांच्यावर कारवाई केली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाचा नियम एकमताने रद्द केला. कारण असं, की पाटी वाचून, तिच्यावर काय लिहिलंय ते बघून नियम ठरत असेल तर तो अभिव्यक्तीवरचा निर्बंध होतो. आकार, जागा, दिवे, विभाग यांवर नियम करा, विषयावर नको. २०२२ मध्ये ऑस्टिन शहराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं, की जागेवरची आणि जागेबाहेरची असा भेद मात्र चालेल, कारण तो ठिकाणाचा भेद आहे.

थोडक्यात, वर्गीकरणाच्या तीन तऱ्हा दिसतात. पाटीवर काय लिहिलंय त्यावरून, पाटी कुणाच्या जागेवर आहे त्यावरून, आणि पाटी वस्तू म्हणून कशी आहे, म्हणजे किती मोठी, किती उंच, कशावर उभी, त्यावरून. अमेरिकेचं भांडण पहिल्या तऱ्हेवर झालं. आपली माणसं गेली ती दुसऱ्या तऱ्हेमुळे.

पुन्हा रेल्वेकडे

आता परत येऊ. पुढे रेल्वे सरकारी झाली. स्टेशनालगतच्या, रुळांलगतच्या, पुलांजवळच्या जागा शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या जागा झाल्या. तिथे फलक उभे राहिले ते रेल्वेच्या वेळापत्रकाचे नव्हते, मोबाइलचे आणि फ्लॅटचे होते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात कलम १८५ आहे. त्यात म्हटलंय, की केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय रेल्वेच्या हद्दीतल्या जाहिरातीवर स्थानिक संस्थेला कर द्यावा लागणार नाही. इथे शब्द 'कर' आहे. कर माफ असणं आणि नियम माफ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण व्यवहारात हळूहळू एक समजूत रूढ झाली : 'रेल्वेची जागा आहे, पालिकेचं काही चालत नाही.' पालिका आणि रेल्वे यांच्यात यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या.

५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेवरच्या होर्डिंगचा सांगाडा, काढण्याचं काम चालू असताना, सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला. चार जण गेले. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, वादळापासून आडोसा म्हणून माणसं होर्डिंगखाली थांबली होती. पाच गेली. आणि १३ मे २०२४ ला घाटकोपर. फलक सुमारे १२० फूट बाय १२० फूट. मुंबई पालिकेची कमाल मर्यादा होती ४० बाय ४०. म्हणजे १,६०० चौरस फुटांच्या जागी १४,४००. नऊपट! वारा फलकाला ढकलतो तो त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात, आणि उंची वाढली की तो ढकल पायाशी आणखी जोरात उपटतो. नऊपट शिडाला नऊपटीहून जास्त नांगर लागतो.

आणि परवानगी? जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. परवानगी लोहमार्ग पोलिसांकडून. पालिका म्हणाली, आमची परवानगी घेतलेलीच नाही. मध्य रेल्वे म्हणाली, जागा आमची नाही. म्हणजे ज्या 'रेल्वेच्या जागे'च्या नावाने पालिकेला बाहेर ठेवलं, ती रेल्वेने आपली मानलीच नाही.

आता ते जुनं कलम आठवा. केवळ रेल्वेच्या धंद्याबद्दलचा फलक? नव्हता. पूर्णपणे रेल्वेच्या हद्दीत? रेल्वेच नाही म्हणते. सार्वजनिक जागेवर पडू शकणार नाही असा? खाली पेट्रोल पंप होता, पाऊस आला म्हणून लोक गाड्या घेऊन तिथे थांबले होते. तिन्ही अटींत नापास. शंभराहून जास्त वर्षं जुन्या त्या मजकुरात उत्तर होतं. पण अपवाद लोकांच्या लक्षात राहिला आणि त्याच्या अटी विसरल्या गेल्या. सवलतीचं असंच होतं. ती तोंडी पसरते, आणि तोंडी पसरताना 'पण' नंतरचं वाक्य गळून पडतं.

दुर्घटनेनंतर दोन दिवसांत पालिकेने रेल्वेला मोठे फलक काढायला सांगितलं, ते आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. आपत्तीचा कायदा लावावा लागला, यातच सगळं आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. फलकाचा प्रकार ठरवताना जमिनीचा सातबारा शेवटी बघा. आधी १८९१ च्या त्या मसुदाकारासारखं रस्त्यावर उभं राहा, मान वर करा, आणि विचारा : हा पडला तर कुठे पडेल?

(टाळ्या) वेळ आहे, तर एखादा प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मग चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काय? ते कुठल्या प्रकारात बसतात?

बसतात ना. ते 'बेकायदेशीर' या प्रकारात बसतात! (हशा) नाही, गंभीरपणे सांगतो. त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे, १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंधाचा. सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय फलक लावणं हा त्याखाली गुन्हा आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवर कारवाई करण्याचे सविस्तर आदेशही दिलेले आहेत. म्हणजे तिथे व्याख्येची अडचण नाही. नियम स्पष्ट आहे. ज्याचा फोटो असतो त्याच्याकडे बघून तो लावला जात नाही, एवढंच.

प्रश्न : आणि मराठी पाट्यांचा नियम याच कायद्यात येतो का?

नाही, आणि हा चांगला प्रश्न आहे. तो दुकाने व आस्थापना कायद्यात येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मराठी, देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांत तशा पाट्या लावायला सांगितलं. बघा, त्या मिठाईवाल्याच्या पाटीचा हा सहावा जन्म. एक कायदा विचारतो, अक्षर कुठल्या लिपीत आहे. दुसरा विचारतो, आत दिवा आहे का. तिसरा विचारतो, मागे आकाश दिसतं का. तिन्ही प्रश्न आपापल्या जागी ठीक आहेत. पण पाटीच्या खालून रोज जाणाऱ्या माणसासाठी सर्वांत मोलाचा प्रश्न तिसरा आहे. तो विचारायला आपण विसरू नये.